गुरखा पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर महिनाभर एक कागद चिकटलेला आहे : ‘गुरखा पाहिजे. रात्रपाळी. राहण्याची सोय.’ खाली मोबाइल नंबर. सकाळी दूध आणायला निघालो की नजर तिकडे जातेच. मी गुरखा आहे ना!

मी नेपाळातल्या पाल्पा जिल्ह्यातला, मगर जमातीचा. १९८३ साली गोरखपूरला भरती झालो, शिलाँगला ट्रेनिंग केलं, पाचव्या गोरखा रायफल्समध्ये २६ वर्षं काढली आणि २००९ मध्ये नायब सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलो. तोवर बायकोने दोन मुलींना घेऊन खडकीत बस्तान बसवलं होतं. मुली मराठी शाळेत, बायको मंडईत माझ्यापेक्षा बरं मराठी बोलणारी. मग मी एकटा डोंगरावर जाऊन काय करणार? हे पत्रही थोरलीने तपासलंय. आमच्या नेपाळीत दगडाधोंड्यांना लिंग लावायची कटकट नाही, इथे तीन-तीन. ‘तो पत्र’ की ‘ती पत्र’, हा घोळ माझा अजून मिटलेला नाही.

पहिल्या हिवाळ्यात बायकोने बाल्कनीत गुंद्रुक वाळत घातलं होतं. मोहरीचा पाला आंबवून, मग वाळवून करतात. शेजारच्या काकूंनी उंदीर मेलाय म्हणून दार वाजवलं. आता थंडी पडली की त्याच डबा पाठवतात.

थोरलीचं जमलं तेव्हाची गोष्ट सांगतो. मुलगा बारामतीकडचा. बैठकीत कुणीतरी विचारलं, मुलीचे वडील काय करतात? आमच्या बाजूचा मध्यस्थ भाबडेपणाने म्हणाला, ‘गुरखा आहेत.’ पाहुणे चहाच्या कपात बघू लागले. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. अडचण अशी, की तेव्हा मी भोसरीच्या एका कारखान्यात रात्रीची ड्युटीही करत होतो. म्हणजे उत्तर दोन्ही अर्थांनी खरंच होतं! तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले मुलाचे आजोबा म्हणाले, ‘कुठली पलटण?’ ते मराठा लाइट इन्फंट्रीतले. ‘पाचवी,’ मी म्हटलं. मग दोन तास आम्ही दोघं बोलत होतो आणि लग्नाचं बाकीच्यांनी ठरवलं.

वॉचमनच्या नोकरीत कमीपणा नाही. मी केली आहे, पोराबाळांची फी भरली आहे. पण ते काम आहे, आणि गोरखा ही माणसं आहेत, पलटणी आहेत. नाव पडलं ते काठमांडूच्या पश्चिमेच्या गोरखा या गावावरून. इंग्रजांनी १८१५ मध्ये आमच्याशी लढता लढताच आमची भरती सुरू केली. १९४७ च्या नोव्हेंबरात भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांचा करार झाला; दहा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या, चार इंग्रजांकडे गेल्या, आणि अकरावी भारताने पुन्हा उभी केली. आमचे आकडे १, ३, ४, ५, ८, ९, ११ असे तुटक आहेत ते त्यामुळे. आमच्याकडे येणाऱ्या साहेबांना आधी नेपाळी शिकावी लागते. साताऱ्याचे एक मेजरसाहेब शिव्यासुद्धा आमच्याच भाषेत द्यायचे, आणि उच्चार शुद्ध! फील्ड मार्शल माणेकशांना ‘सॅम बहादूर’ हे नाव गोरखा जवानांचंच. आज तोच ‘बहादूर’ गेटवर हाक मारायला कामी येतो, माणसाचं नाव काहीही असो.

हे आजच लिहायचं कारण माझा भाचा. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली : चार वर्षं नोकरी, नंतर चौघांतला एकच कायम. १९४७ च्या करारात हे बसत नाही, असं म्हणत नेपाळ सरकारने भरती थांबवली. तेव्हापासून नेपाळातून भारतीय पलटणीत एकही पोरगा आलेला नाही. दोन्ही सरकारांकडे आपापली कारणं असतील, मला त्यात पडायचं नाही. पण माझे वडील पलटणीत, मी पलटणीत, आणि भाचा पहाटे चारला उठून चढावर पळत राहिला तो भरतीच्या तारखेची वाट बघत. आता त्याचं वयही उलटलं. गावातली बाकी पोरं कतारला गेली, मलेशियाला गेली.

परवा त्याचा फोन आला. ‘मामा, पुण्यात काही काम आहे का?’

खांबावरचा नंबर मी उतरवून घेतला आहे. अजून त्याला दिलेला नाही.

— एक निवृत्त नायब सुभेदार, खडकी, पुणे
(कृपया नाव छापू नये.)