४८ हेलिकल गिअरच्या फिनिशिंगमध्ये दात्यांचे झालेले नुकसान

प्रति,
व्यवस्थापक,
गिअर फिनिशिंग विभाग

विषय : इलेक्ट्रोकेमिकल फिनिशिंगच्या लॉटमध्ये जास्त धातू निघाल्याबद्दल व बुडाशी खड्डे पडल्याबद्दल तक्रार

महोदय,

मिठाच्या द्रावणात (इलेक्ट्रोलाइटमध्ये) करंट सोडून दात्यांवरचा थोडा धातू विरघळवण्याच्या तुमच्या पद्धतीने फिनिश होऊन ४८ गिअर परत आले तेव्हा पेटी उघडल्याबरोबर आमची माणसे खूश झाली. हॉबिंगच्या, म्हणजे दाते कापताना उमटलेल्या, रेषा गेल्या होत्या, दाते आरशासारखे चमकत होते. सोबतच्या रिपोर्टवर आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.२८ मायक्रॉन लिहिले होते आणि आम्ही ०.४ मागितले होते. कागदावर सगळे चोख. तिसरा गिअरबॉक्स टेस्ट बेंचवर चढवला आणि लोड दिल्यावर जी शिट्टी सुरू झाली, तिथून हे पत्र लिहायची वेळ आली.

दाते एकमेकांना कुठे टेकतात ते पाहायला गिअरबॉक्स उघडून दात्यांना निळा रंग लावला आणि जोडी फिरवली. रंग दात्याच्या मधल्या अरुंद पट्ट्यावरच उमटला, शेंड्याकडचा भाग कोरडा राहिला. प्रोफाइल (दात्याच्या आकाराचा आलेख) काढले तर ड्रॉइंगमध्ये शेंड्याला मुद्दाम ८ मायक्रॉन धातू कमी ठेवायची सूट असताना तिथे ३० च्या पुढे धातू गेलेला. मग भिंगाखाली बुडाची गोलाई पाहिली. तिथे मोहरीहून बारीक, काळपट खड्डे आहेत, आणि ते एका बाजूच्या दात्यांवर जास्त आहेत. दात्याला वाकण्याचा ताण सर्वांत जास्त येतो तो याच जागी. चकाकी थोडी कमी असती तर चालले असते, पण बुडाशी खड्डा असलेला गिअर आम्ही कोणाच्याही मशीनमध्ये बसवणार नाही.

धातू जास्त गेला हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. लॉट पाठवण्याआधी प्रत्येक गिअरचे वजन केले होते, परत आल्यावर पुन्हा केले. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे माप) ३, ३२ दाते, रुंदी २५ मिमी. दोन्ही बाजू धरून दात्यांचे क्षेत्रफळ साधारण ११,२०० चौरस मिमी होते. ठरल्याप्रमाणे १० मायक्रॉन काढायचे तर ११२ घन मिमी, म्हणजे जवळपास ०.९ ग्रॅम. प्रत्यक्षात सरासरी १.९ ग्रॅम गेले आहे. काही दात्यांवरून एकत्र माप घेणारा स्पॅन मायक्रोमीटरही तेच सांगतो : मापात सुमारे ४० मायक्रॉन घट. बॅकलॅश, म्हणजे जोडीतल्या दात्यांमधली मोकळीक, वाढला तो त्यामुळे.

या पद्धतीत किती धातू निघेल याचा हिशेब फॅरेडेच्या नियमाने (निघणारा धातू करंट आणि वेळ यांच्या प्रमाणात असतो) आधीच मांडता येतो. लोखंड १ अँपिअर करंटला मिनिटाला जास्तीत जास्त २.२ घन मिमी, म्हणजे आमच्या एका गिअरला किमान ५१ अँपिअर-मिनिटे. सोडियम नायट्रेटच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये सगळा करंट धातू काढण्यात जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त लागतील, हे मान्य. पण तो फरक ट्रायलवरून बसवायचा असतो. तुमच्या ऑपरेटरने टायमर वाढवून ठेवला की करंट चढला, हे रेकॉर्ड बघितल्याशिवाय आम्हाला कळणार नाही. रेकॉर्ड तीनदा मागितले. तिन्ही वेळा उत्तर एकच : "फिनिश तर उत्तम आलंय ना?"

पहिल्या ट्रायलचे ४ गिअर तुम्हीच करून दिले होते आणि ते अप्रतिम होते. त्यातले दोन आजही चालू आहेत. म्हणून आमचा आक्षेप पद्धतीवर नाही. आमचे गिअर केस हार्डन (वरचा थर कडक) केलेले, कडकपणा ५८ ते ६० एचआरसी (रॉकवेल सी). ग्राइंडिंगमध्ये दाता जळण्याची धास्ती असते. इथे उष्णतेचा डाग नाही, कडकपणाची अडचण नाही, कॅथोडचा (समोरच्या ऋण इलेक्ट्रोडचा) धातू दात्याला टेकतसुद्धा नाही. हे सगळे पटले म्हणूनच तुमच्याकडे आलो. ट्रायलमध्ये जमले ते लॉटमध्ये का बिघडले, एवढेच आम्हाला हवे आहे.

आमचा तर्क असा. करंट कडांवर गोळा होतो, त्यामुळे वेळ वाढला की आधी शेंडा खाल्ला जातो. बुडाशी उलट स्थिती : जागा अरुंद, इलेक्ट्रोलाइटचा प्रवाह मंद, तिथे गाळ आणि वायूचे बुडबुडे अडकतात, ऑक्साइडचा थर कुठे टिकतो, कुठे फुटतो, आणि फुटतो तिथे खड्डा पडतो. टाकीत क्लोराइड मिसळले असेल तर हे आणखी वाढते. एकाच बाजूला खड्डे जास्त असणे प्रवाहाकडेच बोट दाखवते. फिल्टर शेवटचा कधी बदलला, कृपया पाहा.

धुण्याबद्दलही. ११ गिअरच्या की-वेमध्ये (शाफ्टवर चावी बसवायच्या खाचेत) तांबूस गंजाची रेघ आहे. इलेक्ट्रोलाइटचे मीठ नीट धुतले गेले नाही आणि तेल लागले नाही, दुसरे कारण नाही.

गेलेला धातू परत चढवता येत नाही, त्यामुळे "पुन्हा करून देतो" हा प्रस्ताव स्वीकारता येणार नाही. ४८ गिअरचे मटेरियल, हॉबिंग आणि हार्डनिंगचा खर्च भरून द्यावा आणि या लॉटचे बिल रद्द करावे. करंट, व्होल्टेज, वेळ, इलेक्ट्रोलाइटचे तापमान व कंडक्टिव्हिटी यांच्या नोंदी पाठवाव्यात. पुढचे काम द्यायचे तर प्रत्येक गिअरचे आधीचे आणि नंतरचे वजन, आणि लॉटमधल्या ३ गिअरचे बुडापासून शेंड्यापर्यंतचे प्रोफाइल चार्ट आम्हाला लागतील. दात्याच्या मध्यावर एकदा सुई फिरवून काढलेला आरए यापुढे आम्ही रिपोर्ट म्हणून घेणार नाही.

सहा गिअर आम्ही न पुसता, आले तसेच बाजूला ठेवले आहेत. तुमच्या प्रोसेस इंजिनिअरने येऊन ते भिंगाखाली स्वतः पाहावेत. दहा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

कळावे,

आपला ग्राहक,
गिअरबॉक्स विभाग प्रमुख

सोबत : वजनांचा तक्ता, प्रोफाइल चार्ट, खड्ड्यांचे फोटो