दंड वादकाला, कमाई दुसऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जत्रेत लावणीच्या कार्यक्रमाला लॅपटॉपवरून ट्रॅक सोडणारा मुलगा, हॉटेलात शनिवार-रविवार कराओकेवर गाणारी गायिका, तिकिटाच्या शोमधला कीबोर्डवादक. यांच्यापैकी कुणावर जाणूनबुजून कॉपीराइट मोडल्याचा गुन्हा शाबीत झाला, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे किमान ६ महिने कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड होतो. कमाल शिक्षा ३ वर्षे आणि २ लाख रुपये. दुसऱ्यांदा गुन्हा शाबीत झाल्यास कलम ६३-ए लागते आणि किमान शिक्षा १ वर्ष कैद व १ लाख दंड होते. गाणे चोरून वाजवावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण हा दंड ज्याच्या डोक्यावर येऊन पडतो तो बहुधा त्या रात्री सर्वांत कमी कमावणारा माणूस असतो, आणि हे अन्यायाचे आहे.

किमान दंडाचा आकडा १९८४ च्या दुरुस्तीने कायद्यात आला. तो कॅसेटचा जमाना होता. एका मूळ कॅसेटवरून हजारो नकली कॅसेट काढून बाजारात ओतणाऱ्यांना चाप बसवणे हा त्या दुरुस्तीचा हेतू होता आणि तो रास्त होता. कॅसेट गेली, सीडी गेली, आकडा मात्र तसाच राहिला आणि तो आता पेन ड्राइव्ह घेऊन स्टेजवर चढणाऱ्यालाही लागू होतो. कलम ६३ मध्ये सवलतीची एक खिडकी आहे. धंद्यात नफा मिळवण्यासाठी कृत्य केलेले नसेल, तर न्यायालय खास कारणे नोंदवून किमानपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. हौशी माणूस त्या खिडकीतून बाहेर पडू शकतो. रात्रीच्या बिदागीवर घर चालवणाऱ्याला ती बंद आहे, कारण त्याने पैसे घेतलेले असतात. समजा एका सुपारीचे त्याला २,००० रुपये मिळतात. ५०,००० म्हणजे त्याच्या २५ सुपाऱ्या. त्याच कार्यक्रमात समजा ३ लाखांची तिकिटे खपली, तर आयोजकाला तोच दंड एका रात्रीच्या गल्ल्याचा सहावा हिस्सा.

मुळात कुणी काय चोरले हेच अनेकदा नीट सांगितले जात नाही. एका गाण्यात हक्कांचे दोन थर असतात. शब्द आणि चाल हा पहिला थर, तो गीतकार-संगीतकारांचा. सभागृहात किंवा मैदानात गाणे सादर करायचे तर याचा परवाना आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था देते. ध्वनिमुद्रण हा दुसरा थर, म्हणजे कंपनीने केलेले प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. त्याचा परवाना पीपीएल, आरएमपीएल किंवा नोवेक्स या परवाना देणाऱ्यांपैकी, त्या कंपनीचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून घ्यावा लागतो. सगळी वाद्ये स्टेजवर वाजत असतील तर ऑर्केस्ट्राला फक्त पहिला थर लागतो. डीजेने मूळ गाणे वाजवले, किंवा नर्तिका मूळ ट्रॅकवर नाचली, तर दोन्ही लागतात. बँजो पथकाकडे ध्वनिमुद्रणाचे पैसे मागितले गेले आणि पथकाने ते मुकाट्याने भरले, तर ते नसलेल्या देण्याचे पैसे भरणे झाले. पथक रेकॉर्डिंग वाजवत नाही, चाल वाजवते.

जुन्या गाण्यांबाबत गोंधळ आणखी मोठा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६० साली निघालेली तबकडी २०२० च्या ३१ डिसेंबरनंतर खुली झाली. पण शब्द आणि चालीचे ६० वर्षे गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या निधनानंतर मोजायचे असतात. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. ‘तबकडी जुनी आहे, चालतंय’ असे म्हणणारा म्हणूनच अर्धाच बरोबर असतो. तुकोबांचे अभंग आणि पठ्ठे बापूरावांच्या लावण्या यांचे शब्द कधीच खुले झाले, पण गेल्या शतकात त्यांना बांधलेली नवी चाल खुली असेलच असे नाही. हे सगळे कीबोर्डवादकाने सुपारी घेण्यापूर्वी तपासावे, अशी अपेक्षा कायदा ठेवतो. त्याच्यासाठी साधी सोपी मराठी मार्गदर्शिका मात्र कोणी काढत नाही.

आता ट्रॅकची गोष्ट. वादक-गायक चोरी करतात ती प्रामुख्याने इथे, आणि का करतात ते समजून घेतल्याशिवाय दंडाची चर्चा पोकळ आहे. गायकाला हवा असतो गायकाचा आवाज वगळलेला ट्रॅक, ज्याला मायनस ट्रॅक म्हणतात. बहुतेक जुन्या मराठी गाण्यांचा असा अधिकृत ट्रॅक विकतच मिळत नाही. मग दोन वाटा उरतात. पहिली, मूळ गाण्यातून आवाज काढून टाकणे. पूर्वी स्टीरिओ गाण्याच्या डाव्या बाजूतून उजवी वजा करत. मधोमध असलेला आवाज जात असे, पण ढोलकीचा घुमारा आणि बेसही मधोमधच असतो, तोही जात असे, आणि आवाजाचा प्रतिध्वनी मात्र भुतासारखा मागे राहत असे. आता एआयवर चालणारी सॉफ्टवेअर आवाज वेगळा काढतात. घरच्या स्पीकरवर ते बरे वाटते, पण मंडपातल्या मोठ्या बॉक्सवर झांजा पाण्यातून ऐकल्यासारख्या येतात, आणि ज्या पट्ट्यात गळा असतो त्याच पट्ट्यातले व्हायोलिन किंवा पेटी मधूनच गिळली जाते. त्यात काळी तीन या पट्टीतला ट्रॅक गायिकेसाठी काळी दोनच्या पट्टीवर उतरवला की तीन अर्धे स्वर खाली येतात आणि तबला ओला झाल्यासारखा वाजतो. इंटरनेटवरच्या व्हिडिओतून उतरवलेल्या १२८ केबीपीएस एमपीथ्रीत १६ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे बहुधा कापलेले असते, ते कार्यक्रमात लगेच ऐकू येते. म्हणजे चोरी करूनही माल वाईटच. महिन्याचे पैसे भरून घेतलेल्या ॲपवरून गाणे लावणाऱ्यांना आपण पैसे भरले असे वाटते, पण ते पैसे स्वतः ऐकण्याचे असतात, चारशे लोकांना ऐकवण्याचे नव्हेत.

दुसरी वाट म्हणजे स्टुडिओत ट्रॅक नव्याने वाजवून घेणे. यासाठी कायद्यात कलम ३१-सी आहे. मालकाने राजीखुशीने परवानगी दिली तर प्रश्नच नाही. नाही दिली, तर पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते. २०२४ साली पहिल्यांदा मुद्रित झालेल्या गाण्याचा असा ट्रॅक २०२९ अखेरपर्यंत नाही. आधी नोटीस, आधी रॉयल्टी, लेबलचा नमुना आधी, शिवाय हे दुसऱ्याने केलेले ध्वनिमुद्रण आहे असे त्यावर ठळक लिहिणे, एवढे सगळे पाळावे लागते. रॉयल्टीही, ज्या ज्या वर्षी प्रती काढल्या त्या प्रत्येक वर्षी, किमान ५०,००० प्रतींची! आठ जणांच्या ऑर्केस्ट्राला लागते ट्रॅकची एक प्रत. कराओकेच्या पडद्यावर शब्द दाखवायचे असतील तर शब्दांची परवानगी आणखी वेगळी. वाट कागदावर आहे, पण त्या वाटेने साधा स्टुडिओवालाही जाऊ शकत नाही, मग गायिका कशी जाणार?

याच कलमात एक तरतूद आहे, तिच्याकडे मराठीतल्या संगीत क्षेत्राने लक्ष द्यायला हवे. एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या कृतींचा संभाव्य खप पाहून हा ५०,००० चा किमान आकडा सर्वसाधारण आदेशाने कमी करता येतो. हिंदी चित्रपटगीत आणि कोकणातल्या जाखडीचे गाणे यांना एकच मोजमाप लावणे बरोबर नाही हे कायदा करणाऱ्यांनाही कळले होते. मराठीसाठी हा आकडा ५०० प्रतींपर्यंत खाली यावा यासाठी राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने आणि कलाकार संघटनांनी मिळून प्रयत्न करावा. सरळ मार्ग परवडण्याजोगा झाला की चोरीवर कडक होण्याचा नैतिक अधिकार मिळतो, त्याआधी नाही.

लग्नांबाबत वेगळी अडचण आहे. कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, तसेच वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे यांच्या दरम्यानच्या वादनाला सूट आहे. केंद्राच्या संबंधित विभागाने २४ जुलै २०२३ रोजी याबाबत जाहीर सूचना काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच सवलतीबाबत परिपत्रक काढले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केले, कारण कायद्याने दिलेल्या सवलतीपलीकडे परिपत्रकाने जाता येत नाही. थोडक्यात, सूट परिपत्रकातून नव्हे, कायद्याच्या शब्दांतून मिळते. शिवाय ती वाजवण्याला मिळते. पेन ड्राइव्हवरची प्रतच चोरीची असेल, तर लग्न आहे म्हणून ती शुद्ध होत नाही, हे डीजे बांधवांनी नीट लक्षात घ्यावे.

नोटीस आणि दंड यांतला फरकही सांगितला पाहिजे. कार्यक्रम रंगात आलेला असताना कुणी येऊन ‘इतके भरा, नाहीतर बंद’ म्हणाले, तर ती मागणी असते. दंड फक्त न्यायालय करते. अशा वेळी शांतपणे विचारावे: कोणत्या थराचा परवाना, गाण्यांची यादी कुठे, हक्क तुमच्याकडे आल्याचा कागद कोणता? नोंदणीकृत संस्था असेल तर कलम ३३-ए प्रमाणे तिचे दरपत्रक प्रसिद्ध असलेच पाहिजे. मात्र ‘तुम्ही नोंदणीकृत संस्था नाही, चालते व्हा’ हे उत्तर महाराष्ट्रात चालणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२४ रोजी नोवेक्सच्या प्रकरणात हक्काचा मालक कलम ३० खाली स्वतः परवाना देऊ शकतो असे म्हटले आहे.

सर्वांत जास्त मार बसतो तो जप्तीचा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो, आणि हल्ली प्रत असते लॅपटॉपमध्ये. तो गेला की गाणी, मिक्सरच्या सेटिंग, कीबोर्डचे टोन, पुढच्या तारखांचे हिशेब सगळेच जाते. वस्तू परत मिळवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला १५ दिवस मिळतात. गणेशोत्सव असतो दहा दिवसांचा. अर्ज तत्परतेने मंजूर झाला तरी हंगाम गेलेला असतो. शिक्षा सुनावली जाण्याआधीच ती भोगून झालेली असते.

दंड कुणाला व्हावा? हजारो गाण्यांचा पेन ड्राइव्ह भरून विकणाऱ्याला, चोरीचे ट्रॅक आणि दुसऱ्या वादकाने मेहनतीने मुद्रित केलेले ढोलकी-संबळचे टोन विकणाऱ्याला ५०,००० ही कमीच शिक्षा आहे. तिथे अजिबात ढिलाई नको, कारण तो चोर स्वतः वादकांच्याच पोटावर पाय देतो. सार्वजनिक कार्यक्रमाच्या परवान्याची जबाबदारी आयोजकाची आणि सभागृहाची असावी. नफ्यासाठी जागा वापरू देणाऱ्याला कलम ५१ आजही जबाबदार धरतेच. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात जातो त्याला परवान्याची पावती जोडणे सक्तीचे केले, तर निम्मे वाद तिथेच मिटतील. वादकाने स्वतः चोरीचा ट्रॅक वापरला असेल तर पहिल्या वेळी परवान्याच्या रकमेच्या दुप्पट किंवा तिप्पट वसूल करावी, कैद नको, आणि वाद्ये व लॅपटॉप जप्त करण्याऐवजी फाइलची प्रत पुरावा म्हणून घ्यावी.

हे मागताना वादकांनीही एक मान्य करायला हवे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायम केला आणि गायक-वादकांनाही रॉयल्टीचा हक्क दिला. गायकांची इस्रा ही संस्था २०१३ साली त्यासाठीच नोंदली गेली. स्वतःच्या रेकॉर्डिंगचे पैसे हवेत आणि दुसऱ्याच्या चालीचे द्यायचे नाहीत, हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येणार नाही. परवान्याचे पैसे योग्य गीतकारापर्यंत पोहोचायचे तर कार्यक्रमाची गाण्यांची यादी लागते, आणि ती बहुतेक वेळा कुणी देतच नाही. सुपारी लिहून घेतानाच एका कागदावर गाणे, गीतकार, संगीतकार, कंपनी, प्रत्यक्ष वादन की ट्रॅक, आणि परवाना आयोजक काढेल असे एक वाक्य, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. विकत घेतलेल्या ट्रॅकची पावती मोबाइलमध्ये ठेवावी. कार्यक्रम झाला की त्याच कागदाची प्रत आयोजकाने परवाना देणाऱ्या संस्थेकडे पाठवावी.

आपला,
ध्वनिसंयोजन क्षेत्रातील एक वाचक,
कोल्हापूर