काळ्या पाच पट्ट्या

खानापूर,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

"गाणं आवडतंय गा, पण त्यातलं काही कळत नाही," असं तू लिहिलंस. मला ते पटलं नाही. सप्ताहात तू टाळ धरायचास तेव्हा तुझा हात समेवरून कधी हलला नाही. तालाचं आवर्तन जिथून सुरू होतं ती पहिली मात्रा म्हणजे सम. नाव ठाऊक नव्हतं, एवढंच.

वहिनींची पेटी उघड. पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावू नकोस. काळ्या पट्ट्या आधी दोन, मग तीन अशा गटांत असतात; त्या डावीकडून मोज. तिघींतली पहिली ती काळी तीन. तिला सा मान आणि पाचही काळ्या ओळीनं वाजवत वरच्या काळी तीनपर्यंत जा. सा रे ग प ध. म नाही, नी नाही. हे भूप रागाचे स्वर. आता पट्ट्या त्याच, पण सा काळी पाचला मान. तिथूनच निघ, फिरून तिथंच येऊन थांब. सगळा रंग गडद झाला की नाही? हे मालकंस रागाचे स्वर: ग, ध, नी कोमल (नेहमीच्या शुद्ध जागेपेक्षा थोडे खाली), म शुद्ध, आणि रे, प गायब. काळी एकपासून धरलंस तर दुर्गा राग. नुसत्या स्वरांनी राग होत नाही, त्याला चलन, म्हणजे त्या स्वरांतून फिरायची ठरावीक चाल लागते. पण सिनेमातलं गाणं कुठल्या घरचं आहे हे ओळखायला एवढं पुष्कळ. पहिल्यांदा हे हाताला सापडलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आमच्या भजनाला म्हैसूरकडून बदली होऊन आलेले एक गृहस्थ बसतात. भूपातला अभंग संपला की म्हणतात, "हे आमचं मोहन." मालकंसाला ते हिंदोळ म्हणतात. त्यांचं गाणं दक्षिणेकडच्या कर्नाटक पद्धतीचं, म्हणून नावं वेगळी. (आपला हिंडोल मात्र निराळाच, त्यात तीव्र, म्हणजे थोडा वर चढवलेला म असतो. नावावर जाऊ नकोस, स्वर ऐक.) इथला कानडी माणूस भूपच म्हणतो, कारण धारवाड-हुबळीपर्यंत गाणं हिंदुस्थानी, म्हणजे आपल्याच पद्धतीचं. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हंगल हे मोठे गायक तिकडचेच, आणि गायक कुमार गंधर्वांचा जन्म तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, 1924 सालचा.

सिनेमातल्या गाण्याची बांधणी मराठी-कानडी दोन्ही भाषांत सारखीच. सुरुवातीच्या, फिरून फिरून येणाऱ्या ओळींना आपण मुखडा म्हणतो, कानडीवाले पल्लवी म्हणतात. आपला अंतरा, म्हणजे पुढचं कडवं, तो त्यांचा चरण. मध्ये नुसती वाद्यं वाजतात त्याला आपले ऑर्केस्ट्रावाले पहिलं म्युझिक, दुसरं म्युझिक म्हणतात. अंतऱ्याची शेवटची ओळ नीट ऐकत जा. तिचं काम एकच, तुला हाताला धरून मुखड्यापाशी आणून सोडायचं. चांगला संगीतकार मला त्या ओळीत ओळखू येतो.

लग्नात अंतऱ्याला तुझा आवाज फाटला, ते मनाला लावून घेतलंस. दोष गळ्याचा नव्हता, पट्टीचा होता, म्हणजे सा ज्या उंचीवर धरलास तिचा. मुखडा बहुतेक वेळा मधल्या सप्तकात फिरतो आणि अंतरा वरच्या सा कडे चढतो. मुखडा सोपा वाटला म्हणून तू साथीचा तयार ट्रॅक आहे त्याच पट्टीत घेतलास. यापुढं आधी अंतऱ्याची सगळ्यात उंच जागा म्हणून बघ, मग पट्टी ठरव. गाणं बाईच्या आवाजातलं असेल तर बरेचदा काळी चार-पाचचं निघतं. तुला काळी एक बरी पडेल. मोबाइलवर ट्रॅकची पट्टी खाली उतरवता येते.

ताल ओळखायला गाण्याबरोबर चालून बघ. डावा-उजवा पाय सरळ पडत गेला तर बहुधा केरवा, आठ मात्रा. अंग पाळण्यासारखं झोके घ्यायला लागलं तर दादरा, सहा मात्रा: धा धिं ना, धा तिं ना. आठाचाच भजनी ठेका तुझ्या हातात आहेच. ताल तोच ठेवून गाणं संथ किंवा जलद घेतलं तर बदलते ती लय. या दोन शब्दांची गल्लत भलेभले करतात.

पुढच्या पत्रात तुझ्या आवडीचं एक गाणं कळव: सा कुठं सापडला, ताल कुठला, अंतरा किती उंच गेला. चुकलं तरी चालेल. पेटीचा भाता मात्र फार जोरानं मारू नकोस, वहिनी रागावतील.

तुझाच,
टाळाच्या रांगेतला शेजारी