ई-रीडरची बॅटरी वाचकाला बदलता यावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोबाइल आणि संगणकांच्या दुरुस्तीविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून चर्चा होते. परंतु ज्या उपकरणात एखाद्या वाचकाचा सगळा ग्रंथसंग्रह सामावलेला असतो, त्या ई-रीडरविषयी क्वचितच कुणी लिहिते, म्हणून हे पत्र.

वयोमानाने बारीक टाइप वाचणे ज्यांना जड जाते, किंवा सांधेदुखीमुळे जाडजूड ग्रंथ ज्यांना फार वेळ हातात धरवत नाही, त्यांच्यासाठी ई-रीडर ही चैन नाही. या दोन्ही कारणांनी मी गेली कित्येक वर्षे एकाच ई-रीडरवर वाचते आहे आणि त्यावर माझे वाचन किती अवलंबून आहे, हे तो बंद पडल्यावर मला पुरते जाणवले. दुरुस्ती केंद्रात तो कुणी उघडूनही पाहिला नाही. ‘जुना झाला, आता नवीन घ्या’ एवढेच सांगण्यात आले. पुढे एका जाणत्या कारागिराने केवळ बॅटरी बदलून दिली आणि तो पूर्वीसारखाच चालू लागला. अशी किती उपकरणे केवळ बॅटरीपायी कचऱ्यात जात असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते.

ई-रीडरची रचना पाहिली तर हे अधिकच खटकते. ई-इंकच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईच्या, पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत परस्परविरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण असतात आणि विद्युतक्षेत्राच्या दिशेनुसार त्यांपैकी एका रंगाचे कण वर येऊन अक्षरे उमटतात. एकदा उमटलेली अक्षरे टिकवण्यासाठी वीज लागत नाही, ती लागते पान उलटताना. म्हणूनच एका चार्जवर हे उपकरण आठवडेच्या आठवडे चालते. साधा मजकूर दाखवण्याचे काम दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही उत्तम करतो. जी थकते ती लिथियम-आयन बॅटरी, कारण वापर कमी असला तरी तिची क्षमता वयानुसार घटतच जाते आणि उष्णतेत, त्यातही पूर्ण चार्ज करून ठेवल्यास, ती अधिक वेगाने घटते. नेमका हाच भाग अनेक उपकरणांत गोंदाने चिकटवून कवचात बंद केलेला असतो.

उपकरण बंद पडले की लगेच निराश होऊ नये, असे मी इतर वाचकांना सांगेन. ई-इंकवर शेवटचे चित्र तसेच राहत असल्याने पडदा गोठल्यासारखा वाटतो, पण पुष्कळदा बॅटरी फक्त पूर्ण उतरलेली असते. केबल बदलून काही तास चार्जिंगला लावावे, मग पॉवरचे बटण सुमारे ४० सेकंद दाबून धरावे; बऱ्याच वेळा तेवढ्याने काम भागते. पडद्याखालची काच तडकली असेल तर मात्र इलाज अवघड, कारण नवा पडदा बसवण्याचा खर्च नव्या उपकरणाच्या जवळपास जातो. मधल्या काळात मोबाइलवरील ॲपमध्ये अक्षरे मोठी करून वाचता येते, पण उजेड फेकणाऱ्या छोट्या पडद्यावर माझे डोळे लवकर शिणतात.

त्याहून गंभीर प्रश्न पुस्तकांचा आहे. २००९ मध्ये ॲमेझॉनने प्रकाशनहक्कांच्या वादातून ग्राहकांनी विकत घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडल या ई-रीडरवरून परस्पर काढून टाकली होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले. पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये घालण्याची सोयही काढून घेतली, आणि ज्या जुन्या उपकरणांचे वाय-फाय आता नीट चालत नाही त्यांना या सोयीचाच आधार होता. म्हणून ज्या पुस्तकांवर नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप नाही ती ईपब या ई-पुस्तकांच्या प्रचलित फाइल-स्वरूपात स्वतःच्या संगणकावर जपून ठेवावीत. त्यांची व्यवस्था लावायला कॅलिबर हे विनामूल्य सॉफ्टवेअर फार उपयोगी पडते. वाचताना केलेल्या खुणा आणि टिपणेही, उपकरण चालू आहे तोवरच, संगणकावर उतरवून घ्यावीत. पुस्तक पुन्हा मिळू शकते, समासातला आपला विचार मिळत नाही.

तरीही सगळा भार वाचकाच्या दक्षतेवर टाकणे न्याय्य नाही. बॅटरी बदलण्याजोगी ठेवली तर उपकरणात पाणी शिरेल, असा युक्तिवाद केला जातो, तो मला पटत नाही. कोबो कंपनीने २०२४ मध्ये पाण्यापासून संरक्षित असे रंगीत ई-रीडर बाजारात आणले आणि दुरुस्तीचे मार्गदर्शन करणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीच्या सहकार्याने त्यांच्या दुरुस्तीची माहिती व सुटे भाग ग्राहकांना उपलब्ध करण्याचे जाहीर केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमानुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे. एका बाजारपेठेसाठी जे करावेच लागणार आहे, ते सर्वच वाचकांसाठी करण्यात कंपन्यांना अडचण नसावी.

ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था ई-रीडर घाऊक खरेदी करतात, तेव्हा बॅटरी बदलता येणे आणि सुटे भाग ठरावीक काळ मिळत राहणे या अटी त्यांनी करारातच घालाव्यात. आपणांसही एक विनंती आहे. नव्या उपकरणांचा परिचय आपल्या पानांवर छापताना पडद्याचा आकार आणि साठवणक्षमता यांच्याबरोबर त्याची बॅटरी कोण बदलू शकतो आणि सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षे मिळणार आहेत, हेही उत्पादकाला विचारून छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक