शोभायात्रेची परवानगी आणि आपला एकपानी अर्ज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाडवा जवळ आला की रत्नागिरीत काय किंवा चिपळूण-मालवणात काय, मंडळाच्या मीटिंगमध्ये एक रडगाणं हमखास असतं, की पोलीस हल्ली सुरक्षा आराखडा मागतात, नकाशा मागतात, स्वयंसेवकांची यादी मागतात, अहो शोभायात्रा आहे आमची, दंगल करायला थोडीच चाललोय. आमच्या मंडळात हे कागद दरवेळी माझ्याच गळ्यात पडतात, तरीपण सांगतो, मागतात ते बरोबर मागतात. मी तर म्हणेन अजून खोलात जाऊन मागायला हवं.

कारण आपला अर्ज असतो कसा? एक पान. मार्ग इथून तिथपर्यंत, वेळ सकाळची, 'आमचे ५० कार्यकर्ते बंदोबस्तास सहकार्य करतील', सही, शिक्का, आणि पुढच्या वर्षी तारीख बदलून तेच पान परत. आता हे ५० जण उभे कुठे राहणार विचारलंत तर उत्तर नाही, कारण सगळे ढोलापाशी असतात. मिरवणुकांचे नियम करायचा अधिकार महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३३ नेच दिलाय त्यामुळे तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही, पण कायदा राहू दे बाजूला, साधा हिशोब बघा.

बाजारातली गल्ली समजा ५ मीटर आहे. त्यातून गटाराच्या मोडक्या फरश्या, दुकानाबाहेर आलेले स्टॉल आणि लावून ठेवलेल्या बाईक वजा केल्या की हातात उरतात ३ मीटर. म्हणजे १०० मीटर लांबीत ३०० चौरस मीटर जागा. एका चौरस मीटरला दोन माणसं धरली तर ६०० जण आरामात चालतील. तीच पाचावर गेली की १५००, आणि तिथून पुढे माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. सोलच्या इतेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ ला हेच झालं, जेमतेम तीन-साडेतीन मीटरची उतारावरची गल्ली, दोन्हीकडून माणसं शिरत राहिली, १५९ जीव गेले. तिथे ना बॉम्ब होता ना आग. आणि उतारावरच्या अरुंद गल्ल्या म्हणजे आपली अर्धी गावं की हो! एवढं लांब कशाला, जानेवारी २००५ मधली वाईजवळची मांढरदेवीची यात्रा आठवा, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर पाय घसरून माणसं एकमेकांवर पडली आणि पावणेतीनशेच्या वर लोक गेले. नारळ तर आपण पण पावलोपावली फोडतो.

त्यामुळे माझ्या मते नकाशावर सगळ्यात आधी दाखवायच्या त्या पाखाड्या, म्हणजे आपल्याकडच्या दगडी पायऱ्यांच्या अरुंद वाटा. मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे कुंपणाच्या भिंती, घरं, दुकानं, बाजूला सटकायला वाट म्हणजे मधेमधे फुटणाऱ्या पाखाड्याच, आणि नेमकं पाखाडीच्या तोंडाशीच कोणीतरी अ‍ॅक्टिव्हा लावून देवळात गेलेलं असतं. प्रत्येक पाखाडीच्या तोंडाशी एक कार्यकर्ता, त्याचं नाव, आणि तो मिरवणूक पूर्ण पुढे गेल्याशिवाय हलणार नाही. ५० जणांना काम असं वाटून दिलं तर दिसतं की ५० पुरत नाहीत!

दुसरी गोष्ट ढोलाची. पथक चौकात थांबून दहा-दहा मिनिटं वाजवतं, बघायला छान वाटतं, मलाही आवडतं, पण मागच्यांना पुढे काय चाललंय ते कळत नाही, ते चालतच येतात आणि मधे लेझीमवाल्या पोरी दाबल्या जातात. तेव्हा पथक कुठल्या चौकात किती वेळ थांबणार हे आधी लिहून द्यायचं आणि रिंगणाची जागा गल्लीच्या तोंडाशी न ठेवता मोकळ्यावर ठेवायची. पथकप्रमुखाबरोबर एक खूण पण ठरवा, लाल झेंडा वर गेला की वादन बंद म्हणजे बंद. त्या आवाजात शिट्टी ऐकू येत नाही आणि गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या भरवशावर बंदोबस्त करणारे बघितले की मला हसावं का रडावं कळत नाही. दोन-चार वॉकीटॉकी भाड्याने आणा, नाहीतर निरोप घेऊन धावणारी पोरं ठेवा.

चित्ररथाची उंची मोजताना टेम्पोची उंची लिहितात. वर शिवाजी महाराज झालेला मुलगा उभा असतो आणि त्याच्या हातात भगवा असतो, ती उंची कोण लिहिणार? महावितरणच्या माणसाला मार्ग दाखवून खाली आलेल्या तारांचं आधीच बघून घ्या. घाटीच्या उतारावर टेम्पो थांबला की चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायला एक माणूस प्रत्येक गाडीमागे, हेही कागदावर हवं.

बाकी नेहमीचंच. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो हे २००० च्या ध्वनी नियमात आहे, तिथे वादन थांबवायचं. १०८ ची गाडी कुठल्या बाजूने आत येणार ती वाट मोकळी ठेवायची. मार्चमधल्या दमट उकाड्यात फेटे, नऊवारीतली पोरं चक्कर येऊन पडतात, पाणी आणि कोकम सरबत सुरुवातीला नाही, अर्ध्या वाटेवर ठेवा. लहानग्यांच्या खिशात आईबापाचा नंबर.

आता प्रशासनाकडे एकच मागणं आहे. नुसते कागद मागून फाईल जाड करू नका. परवानगी द्यायच्या आधी एक दिवस पोलीस, नगरपरिषद, महावितरण, दुकानदार आणि मंडळाची माणसं अशी सगळी मिळून तो मार्ग एकदा चालून या, आणि शोभायात्रेच्याच वेळेला चला, दुपारी दोनला नको, तेव्हा बाजार झोपलेला असतो. तासाभराचं काम आहे. कुठला स्टॉल मागे घ्यायचा, कुठली फरशी बदलायची ते जागेवरच ठरेल, आणि त्यावरून जो आराखडा होईल तो परवानगीपत्राला जोडा म्हणजे पुढच्या वर्षी तारीख बदलून चालणार नाही.

मंडळवाल्यांना एवढंच की शेवटच्या टेम्पोच्या मागे कोण चालणार ते नाव आजच पक्कं करा, त्या दिवशी मागे राहायला कोणी तयार होत नाही.

आपला,
मंडळाचा एक कार्यकर्ता, रत्नागिरी