ताई, तुम्ही मला ‘काढायला’ शिकवलंत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या एकटीच्या हातात देता आलं असतं. पण माझ्यासारखंच कुणीतरी आत्ता जीव मेटाकुटीला येऊन बसलं असेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

दोन वर्षांपूर्वीची माझी अवस्था तुम्ही पाहिली आहे. आईचं आजारपण, ऑफिसची कामं, सतत वाजणारा फोन. दिवा मालवला तरी डोक्यातल्या याद्या काही थांबत नव्हत्या. तुम्ही उपदेश केला नाहीत. तुमचा जुना कॅमेरा, ५० एमएमची एकच लेन्स आणि ट्रायपॉड माझ्या हवाली केलात.

माझा पहिला फोटो आठवतो? तारेवर बसलेला कावळा. पण त्याच्यामागे छपरं, खांब, अँटेना, अर्धं झाड. तुम्ही पाहिलंत आणि विचारलंत, “फोटो काढलास, पण यातून काय काढलंस?” तेव्हा कुठे उमगलं, की आपण फोटो ‘काढतो’ म्हणतो त्यात वगळणंही आहे. झूम नव्हता, त्यामुळे पायच हलवावे लागले. खाली बसले, छपरं गेली. दोन पावलं डावीकडे सरकले, खांब गेला. शेवटी उरली एक तार, एक पक्षी आणि भरपूर आभाळ. ते मळकट आलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत, की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सगळ्याला मधल्या करड्या रंगाकडे ओढतो. पांढरं पांढरं यायला हवं असेल तर एक्सपोजर एखादा स्टॉप वाढवायचा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्यायचा.

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोटो यांची समुद्राची छायाचित्रंही तुम्हीच दाखवलीत. १९८० पासून ते जगभरचे समुद्र टिपत आले. बहुतेक फ्रेममध्ये अर्धं पाणी, अर्धं आभाळ, बस्स. आधी वाटलं, यात बघायचं काय? पण दहाव्या फोटोपर्यंत माझा खांद्यातला ताण उतरला होता.

मात्र सगळ्यांत मोठं देणं त्या काळ्या काचेचं, दहा स्टॉपच्या एनडी फिल्टरचं. तो प्रकाश जवळजवळ हजार पटींनी अडवतो. १/३० सेकंदात होणाऱ्या फोटोला सुमारे ३४ सेकंद लागतात. तलावाच्या काठी पहिल्यांदा शटर उघडलं आणि कळलं, आता करण्यासारखं काहीच नाही. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, नुसतं उभं राहायचं. कित्येक महिन्यांत मी अर्धा मिनिटही अशी स्वस्थ उभी राहिले नव्हते. फोटोत तरंग पुसले गेले होते, पाण्यातून वर आलेली एकच काठी उरली होती. मी तिथेच रडले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

यामुळे आईचं दुखणं हटलं नाही, कामंही कमी झाली नाहीत. पण परवा तिच्या उशाशी बसले असताना समोरच्या कोऱ्या भिंतीवर उन्हाची एक तिरीप पडली. कॅमेरा जवळ नव्हता. मी बघत राहिले. आईनं विचारलं, “काय गं, काय बघतेस?” मी बोटानं दाखवलं. मग ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघी काही न बोलता बघत बसलो.

ताई, मनापासून आभार.

तुमचीच,
एक विद्यार्थिनी