डाग दिसल्यावर फवारून काय उपयोग?

संपादक महोदय,

निफाड तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. मागच्या हंगामात फळछाटणीनंतर बाविसाव्या दिवशी रात्री पाऊस झाला. सकाळी बागेत गेलो तर पानं हिरवीगार, घड नुकते बाहेर पडलेले. पानांच्या कडांना दुपारपर्यंत थेंब लोंबत होते. चिखलात ट्रॅक्टर रुतत होता आणि बागही स्वच्छ दिसत होती, म्हणून फवारणी पुढे ढकलली. सातव्या दिवशी पानांवर तेल सांडल्यासारखे पिवळट डाग दिसले. पान उलटलं तर खाली पांढरी लव. घडांचे देठ तपकिरी पडून वाकले होते. दोन दिवस आम्ही नवराबायको घड तोडून पाट्या भरत होतो.

हा डाऊनी, म्हणजे केवडा रोग, त्या सातव्या दिवशी आला नव्हता, पावसाच्या रात्रीच आला होता. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत जातात आणि पानाखालच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात. हवा मानवली तर त्याला काही तासांचा ओलावा पुरतो. मग आठवडाभर बाहेर काहीच दिसत नाही. स्पर्शजन्य, म्हणजे पानाच्या वरवरच राहणारं औषध आधीच पानावर असेल तरच कामाचं. रोग आत शिरल्यावर आंतरप्रवाही, म्हणजे पानात शोषल्या जाणाऱ्या औषधाच्या हातीही जेमतेम दोन-तीन दिवस उरतात.

हे ठाऊक असल्यानेच आपल्याकडे ढग दिसला की फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. भीतीपोटी मारलेल्या या फवारण्यांत पैसा जातो आणि मालात औषधाचे अंश राहण्याची धास्ती वेगळीच. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. ते वेलीच्या वाढीवर परिणाम करणारं संजीवक होतं, बुरशीनाशक नव्हे. पण अंश किती महागात पडतो ते जिल्ह्याने तेव्हा पाहिलं.

रोगाने पानाचं तापमान किंचित बदलतं आणि डाग पडण्याआधीच तो फरक कॅमेऱ्याने टिपता येतो, असे प्रयोग द्राक्षावर झाले आहेत. ते आमच्या बांधावर येतील तेव्हा येतील. पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारा सेन्सर मात्र आजही मिळतो. मोठे बागायतदार तो बसवतात आणि त्यांना मोबाईलवर इशारा येतो. दोन एकरवाल्याला तो खर्च झेपत नाही.

राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येक केंद्रावर हा सेन्सर असावा आणि गावोगाव आणखी काही बसवावेत, कारण पिंपळगावला पडलेला पाऊस ओझरला पडतोच असं नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले चांगले असतात, पण माझ्या शिवारात काल रात्री काय झालं ते त्यातून कळत नाही. कृषी विभागाने रोज सकाळी आठच्या आत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि मोबाईलवर दोन ओळी द्याव्यात: पान किती तास ओलं होतं, आज फवारायचं की नाही. ‘आज गरज नाही’ हे कळलं तरी त्या दिवसाचं औषध, डिझेल आणि मजुरी वाचेल.

कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागात आगाप, म्हणजे लवकरच्या छाटण्या ऐन पावसात होतात. सुरुवात तिथूनच करावी.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक